रबराच्या क्लोनची पर्णरोगासाठी चाळणी: प्रयोगशाळेतील क्रमवारी आणि रोपवाटिकेतील पानगळ जुळत नाही

प्रश्न – पालवी

नमस्कार. कोरिनेस्पोरा कॅसिकोला या बुरशीमुळे होणाऱ्या पानगळीला रबराचे कोणते क्लोन (एकाच मातृवृक्षापासून कलमाने वाढवलेले एकसारखे वाण) तोंड देऊ शकतील, हे ठरवण्यासाठी आम्ही काही क्लोनची प्राथमिक चाळणी करत आहोत. पद्धत रूढच आहे: डोळकाड्यांसाठी (कलमासाठी डोळे काढायच्या फांद्यांसाठी) राखलेल्या वाफ्यातून पाने तोडून आणायची, ती ओलसर बंद डब्यात ठेवायची, त्यांच्यावर बीजाणूंच्या द्रावणाचे ठरावीक आकारमानाचे थेंब टाकायचे आणि तीन दिवसांनी ठिपक्यांचा व्यास मोजायचा.

अडचण दुहेरी आहे. पहिली म्हणजे एकाच क्लोनचे आकडे एका फेरीत लहान येतात आणि पुढच्या फेरीत मोठे, त्यामुळे मधल्या फळीतील क्लोनची क्रमवारी दर वेळी बदलते. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. प्रयोगशाळेत ज्यांच्यावर अगदी लहान ठिपके पडले, त्यांपैकी काही क्लोन रोपवाटिकेत मोठ्या प्रमाणावर पाने गाळत आहेत आणि ज्यांच्यावर मोठे ठिपके पडले होते, त्यांपैकी काहींची पाने मात्र फांदीवर टिकून आहेत. अशा वेळी विश्वास कोणत्या निरीक्षणावर ठेवावा? तोडलेल्या पानांवरील चाचणी सोडून द्यावी, की तिच्यात काही बदल करून ती उपयोगी ठरेल? बुरशीच्या वाढद्रवातील (बुरशी ज्या द्रवात वाढवली त्यातील) विष वापरून केलेली चाचणी जलद होते असे वाचले आहे; तिने हा प्रश्न सुटेल का?

उत्तर – बुरशी_अभ्यासक

आपल्या पहिल्या अडचणीचे मूळ बहुधा पानाच्या वयात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

रबराच्या झाडाला पालवी टप्प्याटप्प्याने येते आणि प्रत्येक नव्या मजल्यावरील पाने चार अवस्थांतून जातात. ‘अ’ अवस्थेत कोंब नुकताच फुटलेला असतो. ‘ब’ अवस्थेत पर्णिका तांबूस आणि वेगाने लांबणाऱ्या असतात. ‘क’ अवस्थेत त्या फिकट हिरव्या, मऊ आणि खाली लोंबणाऱ्या दिसतात, तर ‘ड’ अवस्थेत ताठ, गडद हिरव्या आणि जाड मेणचट थराच्या होतात. ‘ब’ अवस्थेतील शेवटचे पान आणि ‘क’ अवस्थेतील पहिले पान यांत जेमतेम काही दिवसांचे अंतर असते, परंतु रोगाला बळी पडण्याच्या दृष्टीने तो फरक दोन क्लोनमधील फरकाहूनही मोठा ठरू शकतो. प्रत्येक क्लोनचा पालवीचा वेग वेगळा असल्यामुळे एकाच दिवशी तोडलेली, डोळ्यांना सारखीच दिसणारी पाने प्रत्यक्षात समवयस्क नसतात. यावर उपाय म्हणजे कोंब फुटण्याच्या दिवशीच फांदीला खूणचिठ्ठी बांधून पानाचे वय दिवसांत नोंदवणे आणि एका फेरीत सर्व क्लोनची पाने एकाच अवस्थेतील घेणे. त्यासाठी सर्व क्लोनच्या फांद्या एकाच वेळी छाटून पालवी शक्य तितकी एकसमान आणावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय मला माहीत नाही.

येथे रोगारोगांतील फरकही लक्षात ठेवला पाहिजे. दक्षिण अमेरिकी पर्णकरपा, भुरी आणि कोलेटोट्रिकम हे मुख्यतः कोवळ्या पानांचे रोग आहेत. करप्याच्या बाबतीत तर पान साधारण दोन आठवड्यांचे झाले की ते बऱ्याच अंशी सुरक्षित होते. याउलट फायटोफ्थोरामुळे होणारी पावसाळ्यातील पानगळ पूर्ण वाढलेल्या हिरव्या पानांना गाठते आणि गळलेल्या पानाच्या देठावर गोठलेल्या चिकाचा पांढरा थेंब दिसतो. कोरिनेस्पोरा या दोहोंच्या मध्ये बसते. कोवळ्या पानांवर तिचा जोर सर्वाधिक असला, तरी जून पानेही तिच्यापासून सुटत नाहीत. म्हणून आपली चाचणी निदान दोन वयोगटांत व्हावी असे मी सुचवेन, कारण ‘क’ अवस्थेत बळी पडणारा आणि ‘ड’ अवस्थेत टिकणारा क्लोन आणि दोन्ही अवस्थांत बळी पडणारा क्लोन यांचे शेतातील भवितव्य सारखे नसते.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. रबराच्या पानाची पर्णरंध्रे खालच्या पृष्ठभागावर असतात, त्यामुळे थेंब खालच्या बाजूवर टाकावेत आणि कोणत्या बाजूवर टाकले हे नेहमी नोंदवावे. ड अवस्थेतील पानावरून थेंब ओघळून जातो. द्रावणात ट्वीन २० (थेंब पसरवणारा साबणासारखा पदार्थ) अगदी अल्प प्रमाणात मिसळल्यास तो पसरून टिकतो. बीजाणूंची संख्या दर वेळी मोजावीच, शिवाय त्यांची अंकुरणक्षमताही तपासावी, कारण ही बुरशी कृत्रिम माध्यमावर पुनःपुन्हा वाढवत नेल्यास तिची बीजाणुनिर्मिती आणि आक्रमकता दोन्ही घटू शकतात. आपल्या फेऱ्यांमधील तफावतीचे हेही एक कारण असू शकेल. संवेदनशील क्लोनच्या पानावर संसर्ग घडवून त्यातून बुरशी पुन्हा वेगळी काढली, तर तिचा जोर बहुधा परत येतो.

शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक: प्रत्येक फेरीत, प्रत्येक डब्यात, तुलनेसाठी ज्ञात क्लोन ठेवावेत. संवेदनशील टोकाला आरआरआयसी १०३ आणि सहनशील टोकाला जीटी १ हे अनेक ठिकाणी वापरले जातात. एखाद्या फेरीत या दोघांतील अंतर स्पष्ट दिसले नाही, तर त्या फेरीतील बाकीचे आकडे कितीही नीटनेटके असले तरी ती फेरी रद्द समजावी.

उत्तर – रोपवाटिका_नोंदी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु आपल्या दुसऱ्या अडचणीचे उत्तर पानाच्या वयातून मिळणार नाही, असे मला वाटते. ज्या रोगाचे नावच पानगळ आहे, त्याची चाचणी आपण आधीच तोडलेल्या पानावर करत आहात. तोडलेले पान गळू शकत नाही. ठिपका किती वाढला एवढेच त्यावरून कळते. त्या ठिपक्याला प्रतिसाद म्हणून झाड पान टाकून देते की धरून ठेवते, हे कळण्याचा त्या डब्यात कोणताही मार्ग नसतो.

कोरिनेस्पोराच्या बाबतीत ही बाब गौण नाही. आरआरआयआय १०५ या क्लोनवर मोजके ठिपके, कधी कधी मुख्य शिरेजवळचा एखादाच ठिपका, संपूर्ण पर्णिका गळण्यास पुरेसा ठरतो. भारतात हा रोग पूर्वीपासून रोपवाटिकांपुरता माहीत होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र कर्नाटकात आणि उत्तर केरळात याच क्लोनच्या मोठ्या झाडांवर त्याची तीव्र लागण झाली. तेव्हा नुकसान ठिपक्यांच्या क्षेत्रफळाने झाले नव्हते. हंगामी पानझडीनंतर आलेली नवी पालवी गळली, झाडाने साठवलेले अन्न खर्चून पुन्हा पालवी काढली, तीही गळली, आणि अशा चक्रात फांद्या शेंड्याकडून वाळत गेल्या. चिकाचे उत्पादन घटते ते यामुळे.

म्हणून माझी सूचना अशी की तोडलेल्या पानांची चाचणी ठेवावी, पण तिला पहिल्या टप्प्याचेच स्थान द्यावे. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक क्लोनची पिशवीत वाढवलेली, डोळा भरून तयार केलेली कलमे घ्यावीत आणि झाडावर असलेल्या पालवीवरच बीजाणूंचा फवारा मारून रोपे रात्रभर दमट आच्छादनाखाली ठेवावीत. त्यानंतर दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात: पानावर रोगाने व्यापलेला भाग आणि गळलेल्या पर्णिकांचे प्रमाण. या दोन्हींची सरासरी काढून एकच आकडा करण्याचा मोह टाळावा, कारण ज्या माहितीसाठी हा टप्पा आपण घेतला, तीच त्या सरासरीत हरवते.

कलमांचा खुंट शक्यतो एकाच मातृवृक्षाच्या बियांपासून वाढवलेला असावा, हे जाता जाता नमूद करतो. खुंट बियांचा असल्यामुळे तो आनुवंशिकदृष्ट्या एकसारखा नसतो. त्यामुळे वाढीच्या जोमात फरक पडतो आणि पालवीची वेळही पुढेमागे होते.

निरीक्षण करताना लक्षणांची खात्री करावी. शिरांच्या कडेने माशाच्या काट्यासारखी पसरत जाणारी काळपट रेघ दिसली तर ती कोरिनेस्पोराची ठळक खूण आहे. परंतु कोवळ्या पानावर नुसते गोल तपकिरी ठिपके असतील, तर कोलेटोट्रिकम किंवा अन्य ठिपक्यांच्या रोगांशी गल्लत होण्याचा संभव असतो. शंका असल्यास पानाचा तुकडा ओलसर डब्यात ठेवून बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. रोपवाटिकेतील आपली पानगळ केवळ कोरिनेस्पोरामुळेच होत आहे, याची खातरजमा झाली आहे का? ती झाली नसेल, तर आपण दोन वेगवेगळ्या रोगांच्या क्रमवारी एकमेकींशी ताडून पाहत असाल.

उत्तर – विष_आणि_यजमान

विषाच्या चाचणीबद्दल लिहितो, कारण तिच्याविषयी अपेक्षा फार वाढवून ठेवल्या जातात.

या बुरशीचे कॅसिकोलिन नावाचे विष २७ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन आहे. त्याला शर्करेचा रेणू जोडलेला असतो आणि सहा सिस्टीनमुळे त्याची घडी घट्ट राहते. संवेदनशील क्लोनच्या पानाचा देठ बुरशीच्या गाळलेल्या वाढद्रवात बुडवून ठेवला, तर पान कोमेजते. पेशींचे आवरण फुटून क्षार बाहेर झिरपतात, त्यामुळे पानाच्या चकत्या ज्या पाण्यात ठेवल्या आहेत त्याची विद्युतवाहकता मोजून हानीचा अंदाज आकड्यांत मांडता येतो. बीजाणू तयार करण्याची कटकट नाही, दमट कक्षाची गरज नाही आणि निकाल एक-दोन दिवसांत मिळतो. त्यामुळे मोठ्या संख्येतून उघडपणे संवेदनशील क्लोन बाजूला काढण्यासाठी ही पद्धत खरोखर उपयोगी आहे.

तिची मर्यादा अशी की सर्व कोरिनेस्पोरा एकच विष बनवत नाहीत. या विषाच्या जनुकाची कॅस १ ते कॅस ६ अशी निरनिराळी रूपे आढळली आहेत, आणि काही विलग (रोगट पानातून वेगळे काढून वाढवलेले बुरशीचे नमुने) असेही आहेत ज्यांत यांपैकी एकही जनुक सापडत नाही. तरीही ते रबराच्या पानावर मध्यम स्वरूपाचा रोग घडवू शकतात. रबरासाठी सर्वांत आक्रमक ठरलेले विलग बहुतेक कॅस १ गटातील आहेत. त्यामुळे कॅस १ विलगाचा वाढद्रव वापरून निवडलेला क्लोन त्या एका विषापुरता सहनशील आहे, एवढेच त्या चाचणीवरून सिद्ध होते. शिवाय गाळलेला कच्चा वाढद्रव म्हणजे शुद्ध विष नव्हे. त्यात बुरशीची विकरे आणि माध्यमातील उरलेले घटकही असतात. म्हणून बुरशी न वाढवलेले तेच माध्यम तुलनेसाठी ठेवल्याशिवाय निकालाला अर्थ राहत नाही.

आपल्या प्रश्नाच्या संदर्भात एक शक्यता मला विशेष महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेत आपण वापरलेला विलग एका जनुकरूपाचा आणि रोपवाटिकेत वावरणारी बुरशी दुसऱ्या जनुकरूपाची असेल, तर दोन क्रमवारी जुळण्याचे काही कारणच नाही. रोपवाटिकेतील गळलेल्या पानांतूनच बुरशी वेगळी काढून तिच्यातील विषाचे जनुकरूप पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखण्याच्या चाचणीने) तपासणे, हे मी आपल्या जागी सर्वांत आधी केले असते.

पुढील विचारणा – पालवी

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. रोपवाटिकेतील गळलेल्या पानांतून बुरशी वेगळी काढण्याचे काम सुरू करत आहे आणि तुलनेचे क्लोन यापुढे प्रत्येक डब्यात असतील. आणखी एक प्रश्न उरतो. आमच्या संग्रहातील एका क्लोनवर आतापर्यंत कोणत्याही फेरीत ठिपका उमटलेला नाही. त्याला ‘पूर्ण प्रतिकारक्षम’ म्हणून पुढे न्यावे आणि मध्यम गटातील क्लोन वगळावेत, असा आग्रह आमच्याकडे धरला जात आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर – क्षेत्र_चाचणी

माझे स्पष्ट मत असे आहे की मध्यम गट वगळू नये. यामागचे कारण दक्षिण अमेरिकी पर्णकरप्याच्या इतिहासात आहे. तो रोग वेगळा आणि त्याची बुरशी, स्यूडोसर्कोस्पोरा उली, वेगळी असली, तरी चाळणी कशी करावी याबद्दल रबराच्या अभ्यासकांना सर्वांत कठोर धडे तिनेच दिले.

फोर्ड कंपनीने १९२० च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलमध्ये तापाजोस नदीच्या काठी फोर्डलँडिया आणि पुढे १९३४ मध्ये बेल्तेरा येथे रबराची सलग लागवड केली. नैसर्गिक जंगलात रबराची झाडे विखुरलेली असतात, त्यामुळे करपा तेथे आवाक्यात राहतो. सलग मळ्यात मात्र छत्रीला छत्री भिडली आणि रोग झाडामागून झाड घेत गेला. तेव्हा पूर्वेकडचे, म्हणजे आशियातील, अधिक चीक देणारे क्लोन आणि अमेझॉनमधील रोग सहन करणारी झाडे यांचा संकर सुरू झाला आणि त्यातून ‘एफएक्स’ मालिकेचे क्लोन मिळाले. प्रतिकारक्षमतेसाठी हेविया बेंथामियाना या भगिनी प्रजातीतील एफ ४५४२ हा पालक फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्याची संतती सुरुवातीला डागविरहित दिसली. पुढे बुरशीचे नवे प्रकार उद्भवले आणि ती प्रतिकारक्षमता मोडून पडली. निवड करणाऱ्यांनी जवळजवळ एकाच स्रोतावर भिस्त ठेवली होती, त्यामुळे ती मोडली तेव्हा अनेक क्लोन एकदमच उघडे पडले.

यानंतर करप्याच्या चाळणीत केवळ ‘ठिपका आहे की नाही’ असे न पाहता प्रतिकारक्षमतेचे घटक सुटे मोजण्याची पद्धत रुजली. संसर्गापासून बीजाणू दिसेपर्यंतचा काळ, ठिपक्याचा व्यास, दर क्षेत्रफळामागे ठिपक्यांची संख्या आणि ठिपक्यावर बीजाणू किती दाट येतात, हे ते घटक. यांपैकी बीजाणुनिर्मितीला मी सर्वाधिक वजन देतो. ज्या क्लोनवर ठिपके पडतात पण त्यांवर बीजाणू फारसे तयार होत नाहीत, तो शेजारच्या झाडांना रोग देत नाही, आणि मळ्यात साथ पसरते की थबकते हे त्यावरच ठरते. कोरिनेस्पोराच्या चाळणीत हा घटक बहुधा मोजलाच जात नाही, ही मला मोठी उणीव वाटते. आपल्या डब्यांतील पाने तीन दिवसांनी टाकून न देता आणखी काही दिवस ठेवली आणि ठिपक्यांवरील बीजाणू धुऊन मोजले, तर मध्यम गटातील क्लोनमध्ये कदाचित आपल्याला हवा तो फरक दिसू लागेल.

कोरिनेस्पोराच्या बाबतीतही एकाच क्लोनवर विसंबण्याचा अनुभव चांगला नाही. श्रीलंकेत आरआरआयसी १०३ हा चांगले उत्पादन देणारा क्लोन म्हणून लावला गेला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात या रोगाने तो असा झोडपला की त्याची लागवड थांबवावी लागली. याउलट त्याच देशातील आरआरआयसी १०० बऱ्यापैकी टिकाऊ राहिला. भारतात आरआरआयआय १०५ शी त्याचा संकर करून आरआरआयआय ४०० मालिकेतील ४१४ आणि ४३० सारखे क्लोन काढले गेले. येथे १०५ ची उत्पादनक्षमता आणि १०० चा चिवटपणा एकत्र आणण्याचा विचार होता, आणि असा विचार करण्यासाठी मध्यम सहनशीलतेची दखल घेतलेली असावी लागते.

आपल्या डागविरहित क्लोनबद्दल बोलायचे तर त्याला वगळू नये, पण त्याच्यावर आणखी कठोर चाचण्या कराव्यात. वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवलेले आणि निरनिराळ्या जनुकरूपांचे विलग त्याच्यावर स्वतंत्रपणे वापरून पाहा. सर्वांचे मिश्रण करून एकच द्रावण वापरू नका, कारण मिश्रणात कोणत्या विलगाने काय केले हे कळत नाही. एखाद्या विलगासमोर तो एकदम बळी पडला, तर त्याची प्रतिकारक्षमता विलगनिष्ठ आहे असे समजावे आणि त्याचा उपयोग संकराचा पालक म्हणून, इतर स्रोतांच्या जोडीने करावा. सर्व विलगांसमोर तो टिकला, तरीही क्षेत्र चाचणीखेरीज त्याला पूर्ण प्रतिकारक्षम म्हणू नये.

क्षेत्र चाचणीत रोगाचा दाब पुरेसा आणि एकसारखा राहावा म्हणून दर काही ओळींनंतर संवेदनशील क्लोनची ओळ लावावी लागते. यात एक फसवणूक लपलेली असते. काही क्लोनची हंगामी पानझड लवकर होते, त्यामुळे बुरशीला अनुकूल हवामान येण्यापूर्वीच त्यांची पालवी जून होऊन जाते. भुरीच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. असा क्लोन रोग चुकवतो, रोगाला प्रतिकार करत नाही. ज्या वर्षी पानझड लांबते किंवा अवेळी पाऊस येतो, त्या वर्षी तो उघडा पडतो. म्हणून पालवी फुटण्याची तारीख ही रोगाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची नोंद आहे.

उत्तर – बुरशी_अभ्यासक

नोंदींच्या विश्लेषणाबद्दल थोडी भर घालतो. रोगाची तीव्रता शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदवत असाल, तर तो क्रम आहे, मोजमाप नव्हे. श्रेणी चार ही श्रेणी दोनच्या दुप्पट नसते. अशा आकड्यांची सरासरी काढून विचरण-विश्लेषण (सरासऱ्यांतील फरक तपासण्याची सांख्यिकी पद्धत) करण्यापेक्षा क्रमावर आधारित कसोट्या वापराव्यात, किंवा प्रमाणित चित्रांच्या आधारे रोगग्रस्त क्षेत्राची टक्केवारी नोंदवावी. श्रेणी देणाऱ्या व्यक्तीला पान कोणत्या क्लोनचे आहे हे माहीत नसावे, एवढ्यासाठी डब्यांवर केवळ संकेतांक लिहावेत. एकाच दिवसाची नोंद पुरेशी नाही. निदान चार-पाच वेळा नोंदी घेऊन रोगवाढीच्या वक्राखालील क्षेत्र काढले, तर हळू वाढणारा रोग आणि उशिरा सुरू होऊन वेगाने वाढणारा रोग यांत फरक करता येतो. त्या वक्राशेजारी गळलेल्या पर्णिकांचे प्रमाण आणि बीजाणूंची संख्या हे दोन स्वतंत्र स्तंभ ठेवावेत.

बाहेरून विलग मागवण्याविषयी वर लिहिले आहे, त्याबाबत सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या परिसरात नसलेले जनुकरूप उघड्या रोपवाटिकेत कधीही वापरू नये. ती चाचणी बंद प्रयोगशाळेत, तोडलेल्या पानांवरच करावी आणि पाने, माध्यम व पाणी ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढूनच बाहेर टाकावे. दक्षिण अमेरिकी पर्णकरप्याची बुरशी तर आशियातील रबर लागवडीपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. त्यामुळे त्या रोगासाठीची चाळणी अमेरिका खंडातील रोगग्रस्त प्रदेशातच केली जाते, आणि तेथील डोळकाड्या आशियात आणताना मध्यस्थ ठिकाणी विलगीकरणात ठेवून तपासल्या जातात. आपल्या संग्रहात तिकडून आलेले क्लोन असतील, तर त्यांच्या विलगीकरणाची कागदपत्रे चाचणीच्या नोंदवहीला जोडून ठेवावीत.

पालवी

समजले. गळलेल्या पानांतील बुरशीच्या जनुकरूपाचा निकाल आला की तो येथे कळवीन. तोपर्यंत पिशवीतील कलमांची छाटणी एकाच दिवशी करून पालवी एकसमान आणण्याचे काम हाती घेत आहे, आणि मध्यम गटातील एकही क्लोन यादीतून काढलेला नाही.